मोक्षावर वाचायला घेताय?

तर आधी एक करा: ‘हिंदू तत्त्वज्ञानात मोक्ष म्हणजे काय’ याचं एकच उत्तर शोधू नका. हातातलं पुस्तक कुठल्या दर्शनाचं, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या कुठल्या परंपरेचं आहे ते बघा. सांख्य दर्शनाचं कैवल्य म्हणजे प्रकृतीपासून (जड सृष्टीच्या मूळ तत्त्वापासून) सुटलेला एकटा पुरुष, म्हणजे शुद्ध चैतन्य. बहुतेक नैयायिकांचा (न्याय दर्शन मानणाऱ्यांचा) अपवर्ग म्हणजे दुःखाचा कायमचा शेवट. तिथे आनंदही नाही. (हे वाचून अनेकजण हिरमुसतात.)

खरी खडाजंगी वेदान्तात, म्हणजे उपनिषदांवर उभ्या असलेल्या दर्शनात आहे. शंकराचार्य म्हणतात, मोक्ष नव्याने मिळवायचा नसतोच. आत्मा ब्रह्मच आहे, अज्ञान गेलं की झालं. म्हणूनच जिवंतपणी मुक्ती त्यांना मान्य आहे, प्रारब्ध (फळ द्यायला लागलेलं पूर्वकर्म) संपेपर्यंत देह तेवढा चालू राहतो. रामानुजाचार्यांना हे पटत नाही. देह आहे तोवर मुक्ती नाही, आणि मुक्त जीवही ईश्वरात विरघळून जात नाही. वैकुंठात त्याची सेवा करत राहतो. मध्वाचार्य तर मुक्तांच्या आनंदातही कमी-जास्त मानतात.

आपल्याकडे सलोकता (देवाच्या लोकात राहणं), समीपता (त्याच्याजवळ असणं), सरूपता (त्याच्यासारखं रूप मिळणं), सायुज्यता (त्याच्याशी एक होणं) या चार मुक्ती कीर्तनात कानावर पडतातच. पण तुकोबा उलट मागणं मागतात: मुक्ती नको, संतसंग दे, मग खुशाल गर्भवासात घाल! मला हे शास्त्रार्थापेक्षा धीट वाटतं.

ब्रह्मसूत्रांवरच्या (वेदान्ताच्या मूळ सूत्रग्रंथावरच्या) भाष्यांना लगेच हात घालू नका. आधी कठोपनिषद आणि गीतेचा दुसरा अध्याय, तोही सावकाश. शंका आली तर बिनधास्त विचारा, पण कुठला आचार्य वाचताय ते सोबत सांगा.