मेकॉले की मकॉली? एका आडनावाचे दोन मूळपुरुष

सोलापूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्या एका इतिहासविषयक पुस्तकाचा अनुवाद करत आहेत. १८३५च्या शिक्षणविषयक टिपणामुळे आपल्याकडे घरोघरी माहीत झालेल्या त्या गृहस्थाचं आडनाव ‘मेकॉले’ लिहावं, ‘मॅकॉले’ लिहावं की ‘मकॉली’, असं त्या विचारतात. सोबत दोन शंका आहेत. ‘एमएसी’ने सुरू होणारी आडनावं स्कॉटिश आणि ‘एमसी’ची आयरिश, हे खरं का? आणि कन्नडमध्ये मुलाला ‘मग’ म्हणतात, त्याचा या ‘मॅक’शी काही संबंध आहे का?

आधी उच्चार. इंग्रजीत हे आडनाव ‘मकॉली’च्या जवळ जातं. आघात ‘कॉ’वर पडतो आणि पहिलं अक्षर दबून जातं. याला कारण आहे. मॅक हा मूळ नावाचा भागच नाही, नाव त्याच्यापुढे सुरू होतं. म्हणून बोलताना जोर खऱ्या नावावर जातो आणि मॅकचा ‘मक्’ होतो. आपण ‘मॅक्डोनाल्ड’ म्हणताना ‘मॅ’वर जो जोर देतो, तो तिकडे कुणी देत नाही. ‘मेकॉले’ हे छापील अक्षरं पाहून केलेलं वाचन आहे. शेवटचं ‘ले’सुद्धा स्पेलिंगमधूनच आलं.

मॅक म्हणजे मुलगा. आयरिश आणि स्कॉटिश गेलिक या सख्ख्या बहिणी, आणि हा शब्द दोघींचा. आयर्लंडात आणि पश्चिम ब्रिटनमध्ये ओगम लिपीतले शिलालेख सापडतात, सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचे. दगडाच्या कडेवर आडव्या-तिरप्या रेघा कोरलेल्या असतात आणि मजकूर बहुतेक एवढाच असतो: अमुकचा मुलगा तमुक, त्याचा हा दगड. त्यात पुन्हा पुन्हा येणारा शब्द ‘मक्वी’, म्हणजे ‘मुलाचा’. त्यातला ‘क्व’ आयरिशमध्ये ‘क’ झाला आणि शब्द ‘मॅक’ उरला. वेल्शमध्ये त्याच ‘क्व’चा ‘प’ झाला, म्हणून तिथे मुलगा ‘मॅप’, आणि पुढे झिजून नुसता ‘अॅप’. ‘अॅप हावेल’चं पॉवेल झालं, ‘अॅप रीस’चं प्राइस. मॅक आणि पॉवेलमधला ‘प’ हे एकाच शब्दाचे तुकडे आहेत.

आता ‘मग’. प्रश्न सोलापूरहून यावा हे साहजिक आहे, कारण तिथे कन्नड कानावर असतंच. तमिळमध्ये ‘मगन’ आहे, म्हणजे शब्द चांगला जुना आणि अस्सल द्राविडी. पण मॅकशी त्याचं नातं नाही. आयरिश, गेलिक, वेल्श या केल्टिक भाषा इंडो-युरोपीय कुळातल्या, म्हणजे मराठीच्या दूरच्या चुलत. कन्नडचं कूळच वेगळं. शिवाय मॅकचं जुनं रूप ‘मक्व’ असं होतं. शब्दांची आजची रूपं शेजारी ठेवली की असे पुष्कळ जुळे सापडतात. जुनी रूपं ठेवून पाहिली की ते सुटे होतात.

‘एमएसी’ स्कॉटिश आणि ‘एमसी’ आयरिश ही समजूत मात्र सोडून द्यावी. ‘एमसी’ हे निव्वळ संक्षिप्त लेखन आहे, आपण ‘रा. रा.’ किंवा ‘चि.’ लिहितो तसं. पूर्वी तर नुसता ‘एम’ लिहून वर स्वल्पविरामासारखं चिन्ह देत. एकाच माणसाचं आडनाव बाप्तिस्म्याच्या नोंदीत एका तऱ्हेने आणि भाडेपट्ट्यात दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेलं सर्रास आढळतं. लिहिणारा कारकून इंग्रजी जाणणारा आणि सांगणारा गेलिक बोलणारा, मग दुसरं काय होणार? स्पेलिंगवरून देश ओळखायला जाऊ नये.

मुळात मॅक म्हणजे आडनावही नव्हे. आपल्या जुन्या मोडी कागदांत ‘अमुक बिन तमुक’ असतं ना, तसं ते होतं. बापाचं नाव सांगायचं, हवं तर पुढे आजाचं. पुढच्या पिढीत ते बदलायचं. कधीतरी एखाद्या नामांकित पूर्वजापाशी ते गोठलं आणि नातू-पणतूही स्वतःला त्याचाच ‘मॅक’ म्हणवू लागले. मुलगी अर्थातच ‘मॅक’ होऊ शकत नाही. गेलिकमध्ये तिच्या आडनावाला आजही ‘निक’ लागतं. इंग्रजीत आल्यावर तो भेद पुसला गेला आणि मुलीही ‘अमक्याचा मुलगा’ असं आडनाव लावू लागल्या.

तर मॅकॉली म्हणजे ‘ऑलीचा मुलगा’. हा ऑली कोण? मला या आडनावाचं वेड लागलं ते इथे. कारण ऑली एक नाही.

पहिला ऑली म्हणजे ओलाफ, नॉर्वेकडचा. आठव्या शतकाच्या अखेरीपासून नॉर्स लोक जहाजं घेऊन स्कॉटलंडच्या पश्चिमेच्या हेब्रिडीझ बेटांवर आणि आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरले. आधी लुटायला, मग राहायला. डब्लिनमध्ये त्यांचे राजे झाले, त्यांतले अनेक ओलाफ. आयरिश लोकांनी ते नाव ‘अम्लाइव’ असं उचललं, आणि स्कॉटिश गेलिकमध्ये त्याचं रूप आज ‘अम्ह्लाय’ असं लिहितात. उच्चार मात्र ‘औलाय’सारखा, थोडा नाकातून. गेलिकमध्ये ‘म’पुढे ‘ह’ लिहिला की तो ‘म’ सैल पडून नाकातला ‘व’ होतो. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. ग्रामचं गांव आणि नामचं नांव आपण असंच केलं आहे. त्या ‘गां’वरचा अनुस्वार म्हणजे मागे राहिलेलं ‘म’चं नाकातलेपण. आपण तो अलीकडे लिहिणं सोडलं, गेलिक लेखनाने ‘म’ अजून जपून ठेवला आहे.

ओलाफ या नावाचे दोन घटक आहेत: ‘पूर्वज’ आणि ‘मागे राहिलेला, वारस’. नॉर्वेतलं ओल्सेन आणि बेटांवरचं मॅकॉली ही अर्थाने अगदी एकच आडनावं.

या ओलाफवाल्या मॅकॉलींचं मूळ ठिकाण लुइस बेटाच्या पश्चिमेचा यूइग हा परगणा. आपण तेराव्या शतकातल्या ‘काळा ओलाफ’ नावाच्या मॅन बेटाच्या राजाचे वंशज, असं ते परंपरेने सांगतात. राजाचं सोडून द्या, पण नॉर्स रक्ताचं म्हणणं त्या मातीला शोभतं. ही बेटं १२६६च्या पर्थच्या तहापर्यंत नॉर्वेच्या राजाकडे होती. याच यूइगच्या वाळूत १८३१ साली वॉलरसच्या सुळ्यांपासून कोरलेली बाराव्या शतकातली बुद्धिबळाची मोहरी सापडली. ती बहुधा नॉर्वेत घडवलेली आहेत. त्यांत हत्तीच्या जागी उभा शिपाई आहे, आणि काही शिपाई तर डोळे वटारून स्वतःचीच ढाल दातांनी चावताहेत. आपल्या चतुरंगाचा खेळ तिथवर पोचेपर्यंत त्यातल्या रथाचा, म्हणजे आपण आज ज्याला हत्ती म्हणतो त्या मोहऱ्याचा, असा नॉर्स वीर झाला.

यूइगच्या मॅकॉलींचं बेटाच्या उत्तर टोकाच्या नेसमधल्या मॉरिसनांशी पिढीजात वैर. सोळाव्या-सतराव्या शतकाच्या सांध्यावर त्यांच्यात डॉनल्ड कॅम हा मोठा लढवय्या होऊन गेला. ‘कॅम’ म्हणजे वाकडा, इथे एकाक्ष. मॉरिसनांनी गुरं पळवली आणि डून कार्लोवेच्या प्राचीन दगडी बुरुजात आसरा घेतला. बुरूज गोल, चुन्याशिवाय रचलेला, दोन हजार वर्षांपूर्वीचा. आत शिरायला एकच अरुंद दार. कथा सांगते की कॅमने दोन कट्यारी आळीपाळीने सांध्यांत खुपसत भिंत चढली, वरून पेटत्या झुडपांच्या पेंढ्या आत टाकल्या आणि सगळ्यांना धुराने गुदमरवलं. बुरुजाची एक बाजू आजही नऊ मीटरच्या आसपास उभी आहे. यशवंती घोरपडीची गोष्ट ऐकत वाढलेल्याला ती चढाई डोळ्यांपुढे आणायला वेळ लागत नाही.

दुसरा ऑली पूर्ण वेगळा. तो आहे ‘अम्हल्गाय’, एक जुनं अस्सल आयरिश नाव, नॉर्स मंडळी यायच्या आधीपासूनचं. आयर्लंडच्या मध्यभागी वेस्टमीथच्या पट्ट्यात याच्या नावाचं घराणं होतं. त्याचं इंग्रजी रूप पुष्कळदा ‘मगॉली’ होतं, कारण स्वरापुढे मॅकचा ‘मॅग’ होतो. ‘अम्ह्लाय’ आणि ‘अम्हल्गाय’ लिहिताना वेगळे, पण झिजता झिजता दोन्ही ‘ऑली’वर येऊन थांबले. इंग्रजी कारकुनाच्या कानाला भेद कळला नाही आणि दोन घराण्यांचं एक आडनाव झालं.

त्यात भर म्हणजे आयर्लंडातही ओलाफचे ‘मॅक’ आहेतच. फर्मानामध्ये मॅग्वायर राजघराण्याची एक शाखा अशीच मॅकॉली झाली. तिथला क्लॅनॉली हा परगणा त्यांच्याच नावाचा. कॉर्कच्या वायव्येला मॅकार्थींची शाखा त्याच ओलाफवरून मॅकॉलिफ झाली. यांपैकी कुणी नॉर्स नव्हे. दोन-तीनशे वर्षांच्या शेजारात ओलाफ हे आयरिश आया बारशाला ठेवतील इतकं घरचं नाव झालं होतं, एवढाच याचा अर्थ. आपल्याकडचं ‘फिरंगोजी’ हे नाव फिरंगी माणसाचं नव्हे, तसंच.

ईशान्येच्या अँट्रिममध्ये तर गुंता सोडवणं अवघडच. तिथून स्कॉटलंडचा किनारा जेमतेम वीस किलोमीटर, हवा स्वच्छ असली की समोर दिसतो. माणसं दोन्हीकडून ये-जा करत राहिली. सतराव्या शतकात अल्स्टरमध्ये स्कॉटिश वसाहती झाल्या तेव्हा आणखी आले. अँट्रिमच्या मॅकॉलीला केवळ आडनावावरून काही सांगता येणार नाही.

आणि स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवर, क्लाइडच्या खाडीकाठी, आर्डनकेपलचे मॅकॉली. गढीवाले, सरदार. त्यांचा लुइसवाल्यांशी संबंध नाही. १५९१ साली त्यांच्या प्रमुखाने मॅकग्रेगरांशी करार करून आपण तुमच्याच कुळातले असं लिहून दिलं. पुढे कर्जापायी जमीन गेली. उरलेली मालमत्ता १७६७मध्ये आर्गाइलच्या ड्यूकने घेतली. गढीचा आता एकच बुरूज शिल्लक आहे.

पाटील आडनावाची दोन माणसं भेटली तर आपण त्यांना भाऊबंद समजत नाही, गाव विचारतो. मॅकॉलींनाही गावच विचारावं लागतं.

आपल्या मेकॉलेचं गाव विचारलं तर उत्तर स्पष्ट आहे. त्याचा जन्म १८०० साली इंग्लंडात, लेस्टरशरमध्ये झाला. आई सेलिना ब्रिस्टलची. पण वडील झॅकरी हे स्कॉटलंडमधल्या इन्व्हरारीचे, गुलामगिरीविरोधी चळवळीतले मोठे कार्यकर्ते. आजोबा जॉन तिथले धर्मोपदेशक, पणजोबा हॅरिस बेटावर धर्मोपदेशक, आणि त्यांचं नावच ऑली. हे लुइसवाल्यांचं घराणं. म्हणजे तो बापाकडून स्कॉटिश, आणि नावाने ओलाफवाला. हिंदुस्थानशीही या घराचा संबंध त्याच्या आधीचा. त्याचे काका कॉलिन टिपूच्या कैदेत होते आणि पुढे त्रावणकोरच्या दरबारात इंग्रजांचे रेसिडेंट, म्हणजे प्रतिनिधी, झाले. १८०८ साली त्रावणकोरचा दिवाण वेलू थंपी याच्या उठावात कोचीच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला तो त्यांच्यावरच.

बेटावरचे साधे मॅकॉली मात्र रेसिडेंट-बिसिडेंट झाले नाहीत. ते कुळं होते. १८४४ साली लुइस बेट जेम्स मॅथेसनने विकत घेतलं. चीनशी अफूचा व्यापार करून त्याने तो पैसा मिळवला होता, आणि त्या व्यापारात त्याच्या पेढीचे मुंबईतले भागीदार होते सर जमशेटजी जीजीभॉय. बटाट्याच्या दुष्काळानंतर १८५१पासून पुढच्या चार-पाच वर्षांत मॅथेसनने दोन हजारांहून अधिक बेटकऱ्यांना जहाजांत बसवून कॅनडाला धाडलं. जहाजभाडं भरणं त्यांना पोसण्यापेक्षा स्वस्त होतं. क्युबेकच्या दफनभूमींत गेलिक आडनावं दिसतात ती यांची. आयर्लंडातले मॅकॉली दुष्काळाच्या त्याच दशकात अमेरिकेला गेले, आणि तिथे त्यांचं स्पेलिंग ‘मॅककॉली’ होऊन एक ‘क’ वाढला.

तर ताई, पुस्तकात १८३५वाला गृहस्थ ‘मेकॉले’च लिहा. दीडशे वर्षांत ते रूप मराठीत रुजलं आहे, आणि ‘मकॉली’ लिहिलंत तर वाचकाला हा कुणी दुसराच वाटेल. बाकीच्यांसाठी, उदाहरणार्थ १८३१ साली डब्लिनमध्ये ‘सिस्टर्स ऑफ मर्सी’ स्थापन करणाऱ्या कॅथरीन, ‘मकॉली’ लिहा. ‘मॅकॉले’ हे अर्धं इकडचं अर्धं तिकडचं रूप मला पसंत नाही.

तुमच्या मजकुरात ‘मेकॉलेपुत्र’ हा शब्दही आला आहे, तो तसाच राहू द्या. फक्त टीपेत लिहायला जागा असेल तर एवढं जरूर सांगा, की ‘पुत्र’ त्या आडनावात आधीच आहे.