मेंदूचा झटका आणि बदललेले वागणे : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी बाबांना पक्षाघाताचा झटका आला. हातपाय सावरले, स्मरणशक्तीही बरी आहे. पण दिवसभर खुर्चीत बसून असतात, आंघोळीलासुद्धा चारदा सांगावे लागते. हा आळस म्हणायचा की नैराश्य?

उत्तर : आळस तर नाहीच. व्हॅस्क्युलर डिमेन्शियात, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा बिघडून आलेल्या स्मृतिभ्रंशात, विसराळूपणाच्या आधीच पुष्कळदा पुढाकार हरपतो. उच्च रक्तदाब आणि मधुमेहाने मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्या, की कपाळामागच्या भागाला खोलवरच्या केंद्रांशी जोडणाऱ्या तंतूंना इजा होते आणि कामाला सुरुवात करण्याची प्रेरणाच उमटत नाही. नैराश्य आलेला माणूस कष्टी असतो, आपण घराला ओझे झालो असे त्याला वाटते. निरिच्छ झालेल्या माणसाला मात्र आपल्या बसून राहण्याचे वाईट वाटत नाही, ते तुम्हाला वाटते. दोन्ही एकत्रही असू शकतात, म्हणून मनोविकारतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. नैराश्यावरच्या गोळ्यांनी नुसती निरिच्छता सहसा हटत नाही. तोवर ‘आंघोळ करा’ असे लांबून न सांगता बादलीत पाणी काढा, टॉवेल त्यांच्या हातात द्या आणि हाताला धरून उठवा. एकदा सुरुवात झाली की पुढचे बरेचसे ते स्वतः करतील.

प्रश्न : आई साध्या बोलण्यावरूनही हुंदके देते आणि क्षणात थांबते. कधी भलत्याच वेळी हसते.

उत्तर : मनात तेवढे दुःख किंवा आनंद नसतानाही हे घडते, कारण भावना व्यक्त होण्यावरचा मेंदूचा ताबा सुटलेला असतो. ‘का रडतेस?’ असे खोदून विचारू नका, शांतपणे विषय बदला. फार वारंवार होत असेल, तर नैराश्यावरची काही औषधे इथे उपयोगी पडतात.

प्रश्न : व्हॅस्क्युलर डिमेन्शिया झालेले माझे सासरे मधूनमधून म्हणत, की मी त्यांचे पासबुक लपवले. परवापासून मात्र रात्रभर ओरडतात, हात उगारतात. झोपेची गोळी वाढवावी का?

उत्तर : वाढवू नका. तुमच्या पत्रातला ‘परवापासून’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे. एक-दोन दिवसांत वागणे इतके बिघडले, तर आधी शरीरात कारण शोधावे लागते : लघवीतला संसर्ग, तुंबलेली लघवी, सोडियम कमी होणे, सर्दीची एखादी नवी गोळी किंवा मेंदूचा नवा झटका. माझ्याकडे आणलेल्या एका आजोबांचे पोट आठ दिवस साफ झाले नव्हते. त्यावर उपचार होताच त्या रात्री ते शांत झोपले. म्हणून त्यांना आजच डॉक्टरांकडे न्या, आणि तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे किंवा बोबडी वळणे दिसल्यास थेट रुग्णालय गाठा.

भ्रम आणि आक्रमकता यांवरच्या अँटिसायकोटिक औषधांनी डिमेन्शियाच्या वृद्ध रुग्णांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००५मध्येच दिला आहे. पक्षाघाताचा धोकाही वाढतो, आणि तुमच्या सासऱ्यांचा आजार मुळात रक्तवाहिन्यांचाच आहे. जिवाला धोका असेल तेव्हा ती द्यावी लागतात, पण अल्प मात्रेत, थोड्या काळासाठी आणि वारंवार तपासून.

राहिले पासबुक. वस्तू ठेवल्याची आठवण पुसली गेली, की ती कोणीतरी घेतली एवढाच अर्थ त्यांच्या मेंदूला लावता येतो आणि आळ येतो तो चोवीस तास जवळ असणाऱ्या माणसावर. वाद न घालता ‘चला, आपण दोघे शोधू’ म्हणा. हे ऐकून घेणे तुम्हाला किती जड जात असेल, याची मला कल्पना आहे. मन मोकळे करायला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर तुम्हीही बोलू शकता. ती सेवा केवळ रुग्णांसाठी नाही.