'पुट ऑफ' : पुढे ढकललं, टाळलं की मन उडालं?

प्रश्न : देवबागला आमचा होमस्टे आहे. समुद्र खवळला की डॉल्फिन दाखवायला आणि कर्ली नदीच्या संगमावर नेणारी बोट सुटत नाही. अशा वेळी मी पाहुण्यांना 'टुडे बोट ट्रिप इज पुट ऑफ' असा मेसेज टाकते. गेल्या मोसमात बंगळुरूच्या एका कुटुंबाने त्यावर 'मग उद्या किती वाजता?' असं विचारलं. उद्याही बोट नाही म्हटल्यावर वाद झाला. माझं काय चुकलं?

उत्तर : व्याकरणाची चूक किरकोळ आहे ('टुडे'च्या जागी 'टुडेज' हवं), खरा घोटाळा अर्थाचा आहे. 'पुट ऑफ' केलेली गोष्ट व्हायची असतेच, फक्त नंतर. त्यामुळे त्या कुटुंबाने उद्याची बोट गृहीत धरली, यात त्यांचा दोष नाही. बोट जाणारच नसेल तर 'कॉल ऑफ' वापरा : 'टुडेज बोट ट्रिप हॅज बीन कॉल्ड ऑफ बिकॉज द सी इज रफ.' आगाऊ पैसे घेतले असतील तर त्याच मेसेजमध्ये 'वुई विल रिफंड युअर ॲडव्हान्स' हेही येऊ द्या. रद्द म्हटलं की पैसे परत, पुढे ढकललं म्हटलं की नवी वेळ; पाहुणे असाच हिशोब करतात.

खरोखरच पुढे ढकलायची असेल तर 'टिल' लावून केव्हा ते सांगून टाका : 'द ट्रिप हॅज बीन पुट ऑफ टिल सेव्हन टुमॉरो मॉर्निंग.' नुसतं 'पुट ऑफ' लिहून सोडलं की पुढचं 'टिल' वाचणारा मनानेच भरतो, आणि दोन दिवसांसाठी आलेला माणूस तिथे 'उद्या'च भरणार. वारा कधी पडेल याचा भरवसा नसेल तर 'अन्टिल फर्दर नोटिस' लिहा.

क्रियापदाचं रूपही सांभाळा. 'पुट' तिन्ही रूपांत 'पुट'च राहतं, 'पुटेड' असं काही नाही. म्हणून 'वुई पुट ऑफ द ट्रिप' एवढ्यावरून नेहमी ढकलतो की काल ढकलली, ते कळत नाही. 'हॅव' किंवा 'हॅज' घातलं की प्रश्न मिटला.

पावसाळ्याची गोष्ट वेगळी. मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते, पर्यटकांच्या बोटीही त्या दिवसांत किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. तेव्हा ठरलेलं काही ढकललेलंही नसतं आणि रद्दही केलेलं नसतं. 'देअर आर नो बोट ट्रिप्स ड्युरिंग द मान्सून' एवढं पुरे.

प्रश्न : मी रत्नागिरीत दहावीला आहे. 'पुट ऑफ द मीटिंग' बरोबर, पण 'पुट ऑफ इट' लिहिलं तर बाईंनी खोडलं. 'ही पुट ऑफ टू रिपेअर द रूफ' यावरही फुली मारली. नियम काय आहे?

उत्तर : बाईंचं बरोबर आहे. कर्म नाम असेल तर ते दोन्हीकडे बसतं : 'पुट ऑफ द मीटिंग' किंवा 'पुट द मीटिंग ऑफ'. कर्म सर्वनाम असेल, म्हणजे इट, देम, हिम, मी, तर ते मध्येच बसवायचं : 'पुट इट ऑफ'. इथे सूट नाही. उलट कर्म लांबलचक असेल, उदाहरणार्थ 'द मीटिंग वुई हॅड प्लॅन्ड फॉर सॅटर्डे', तर ते शेवटी ठेवा. नाहीतर 'पुट' एका टोकाला, 'ऑफ' दुसऱ्या टोकाला आणि वाचणारा मध्ये अडकलेला.

दुसरी चूक मराठीतून येते. आपण 'घर शाकारायचं पुढे ढकललं' म्हणतो, ते 'शाकारायचं' इंग्रजीत 'टू' होऊन उतरतं. 'पुट ऑफ'नंतर क्रियापद आलं तर त्याला 'आयएनजी' लागतं : 'डोन्ट पुट ऑफ रिपेअरिंग द रूफ टिल जून.' जूनपर्यंत कौलं तशीच ठेवणाऱ्याला ही सूचना मराठीतही लागू आहे!

वाक्य कर्मणी करताना 'ऑफ' गाळू नका. 'दे पुट ऑफ द मॅच'चं 'द मॅच वॉज पुट' होत नाही, 'द मॅच वॉज पुट ऑफ' होतं. परीक्षेत गुण जातात ते बहुतेक इथेच.

प्रश्न : हर्णै बंदरावर लिलाव बघायला आलेल्या एका परदेशी पाहुण्याने 'द स्मेल पुट मी ऑफ ॲट फर्स्ट' असं म्हटलं. वासाने त्याला पुढे कसं ढकललं?

उत्तर : ढकललं नाही, त्याचं मन उडवलं. 'पुट ऑफ'चं कर्म काम किंवा कार्यक्रम असेल तर अर्थ पुढे ढकलणे. कर्म माणूस असेल तर अर्थ बदलतो. वासामुळे, किमतीमुळे, कुणाच्या बोलण्यामुळे एखाद्या गोष्टीची इच्छा मरणे, ती नकोशी होणे, हा तो अर्थ. ती गोष्ट लगेच पुढे सांगता येते : 'द स्मेल ऑफ ड्राइड फिश पुट देम ऑफ देअर लंच', म्हणजे सुक्या मासळीच्या वासाने त्यांची जेवणावरची वासना उडाली. तुमच्या पाहुण्याने 'ॲट फर्स्ट' जोडलं आहे, म्हणजे नंतर त्याला सवय झाली असावी. यावरूनच 'ऑफ-पुटिंग' हे विशेषण निघालं, अर्थ नकोसं वाटायला लावणारं.

या अर्थाची कर्मणी वाक्यं जपून वाचा. 'द टूरिस्ट्स वेअर पुट ऑफ बाय द रेन' म्हणजे पाऊस बघून पर्यटकांचा हिरमोड झाला. सामना पावसामुळे पुढे गेला, हे सांगताना मात्र 'बाय'पेक्षा 'बिकॉज ऑफ' सरळ पडतं : 'द मॅच वॉज पुट ऑफ बिकॉज ऑफ द रेन.'

माणूस कर्म असताना आणखी दोन छटा आहेत. एक टोलवण्याची : 'द कॉन्ट्रॅक्टर कीप्स पुटिंग मी ऑफ', आज देतो, उद्या देतो, चतुर्थी होऊ दे, असं चाललेलं असतं ते. दुसरी लक्ष विचलित करण्याची. कॅरमचा नेम धरलेला असताना शेजारी कुणी बडबड केली तर 'यू आर पुटिंग मी ऑफ'. ही ब्रिटिश बोलीत जास्त ऐकू येते.

प्रश्न : गुहागरला शेजाऱ्यांनी नव्या खोल्यांच्या पाटीवर 'वुई पुट अप विथ गेस्ट्स' असं रंगवून घेतलं आहे. ते बरोबर आहे का?

उत्तर : पेंटरला परत बोलवायला सांगा, आणि तेही हंगाम सुरू व्हायच्या आत. 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणे. पाटी म्हणते, 'आम्ही पाहुणे सोसतो.' त्यांना 'पुट अप', म्हणजे राहायची सोय करणे, अभिप्रेत होतं. 'विथ' पुसलं की अर्थ सुधारतो, पण पाटीसाठी 'रूम्स अव्हेलेबल' किंवा 'होमस्टे' हेच चांगलं. 'पुट अप' बोलण्यात शोभतं : 'वुई कॅन पुट यू अप फॉर टू नाइट्स.'

प्रश्न : 'पुट ऑफ द लाइट' चुकीचं आहे का? आणि 'पुट आउट' कधी वापरायचं?

उत्तर : भारतात सर्रास बोललं जातं आणि सगळ्यांना समजतं, त्यामुळे घरात कुणाला टोकू नका. लिहिताना आणि बाहेरच्या पाहुण्यांशी बोलताना दिवा, पंखा, विहिरीवरचा पंप यांना 'टर्न ऑफ' किंवा 'स्विच ऑफ' वापरा. 'पुट आउट' आग, चूल, समई आणि सिगारेटला, दिव्यालाही चालतं. पंख्याला नाही, 'पुट आउट द फॅन' म्हटलं तर कुणी तो उचलून पडवीत नेऊन ठेवील. किनाऱ्यावरच्यांना उपयोगी असा एक अर्थ अजून आहे : होड्या समुद्रात निघाल्या की 'द बोट्स पुट आउट टू सी', आणि वाटेत बंदराला लागल्या की 'दे पुट इन ॲट जयगड'.

प्रश्न : 'पुट ऑफ'च्या उलट 'प्रीपोन' म्हटलं तर चालेल का?

उत्तर : भारतात खुशाल म्हणा, ऑक्सफर्डच्या कोशातही तो शब्द भारतीय इंग्रजी म्हणून नोंदलेला आहे. बाहेरच्या माणसाला 'ब्रिंग फॉरवर्ड' लिहा : 'द ट्रिप हॅज बीन ब्रॉट फॉरवर्ड टू सिक्स ए.एम.' 'मूव्ह' मात्र टाळा. 'मूव्ह्ड फॉरवर्ड' वाचून कुणी वेळ अलीकडे आली समजतो, कुणी पलीकडे गेली, आणि बोट सुटल्यावर निम्मे पाहुणे जेटीवर येतात.