दाराला लावलेला वरवंटा

प्रिय चिऊ,

मुंबईहून परतताना विमानात तू विचारलंस, "बाबा, आजी दाराला तो काळा दगड का लावते?" मी अर्धवट झोपेत "सवय" म्हणालो. ते काही खरं उत्तर नव्हतं.

तो दगड म्हणजे वरवंटा. चाळ पाडली तेव्हा पाटा तिथेच राहिला. वरवंटा तेवढा आजीने पिशवीत घालून आणला. सतराव्या मजल्यावरचं नवं दार आपोआप मिटतं आणि आजीला ते मिटलेलं सोसत नाही.

आमच्या चाळीत पहाटे पाणी भरायला उघडलेलं दार रात्री अंथरुणं पडल्यावरच लागायचं. दिवसाढवळ्या कुणी दार लावलं की गॅलरीत बातमी व्हायची. "काय हो, बरं नाही का?" किंवा मग हळू आवाजात, "भांडण झालंय वाटतं." दहा बाय बाराची खोली, माणसं सात. दार लावून करणार काय!

घर त्या खोलीत मावायचंच नाही, ते गिरगावभर पसरलेलं. आजोबांचा दिवाणखाना म्हणजे नाक्यावरचा इराणी. संगमरवरी टेबल, काळ्या लाकडी खुर्च्या, एका चहावर तासभर गप्पा. पाहुणे आले की आजी मला तिकडे पिटाळायची. घरात मासे शिजत नसत, म्हणून आजोबा ते खोताच्या वाडीतल्या अनंताश्रमात जाऊन खायचे. आजीला हे ठाऊक असूनही ठाऊक नव्हतं. आता इराण्याच्या जागी मोबाइलचं दुकान आहे आणि अनंताश्रमही बंद झालंय.

तुला वाड्यांच्या नावांचं हसू आलं होतं ना? फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, कांदेवाडी. नावात फणस, पण झाड एकही नाही. म्हणजे जुनं जाऊन नुसतं नाव उरणं गिरगावाला नवीन नाही. माझे आजोबा मॅजेस्टिक सिनेमाबद्दल असेच हळहळायचे. तिथे १४ मार्च १९३१ला 'आलम आरा', आपला पहिला बोलपट, लागला होता. मला आठवतं तेव्हापासून तिथे दुकानांची इमारतच आहे. मी मात्र त्या दुकानांसाठीसुद्धा हळहळू शकतो.

पण चाळ फार गोड होती असं समजू नकोस. सकाळी टमरेल घेऊन रांगेत उभं राहायचं आणि तुझे गणितातले मार्क तुझ्याआधी शेजारच्या काकूंना कळायचे. सत्तरी ओलांडलेल्या आजीला स्वतःचं न्हाणीघर मिळालं याचा मला आनंदच आहे. रस्त्याखालून मेट्रो धावते, ऑक्टोबर २०२५पासून गिरगावात उतरताही येतं. तेही बरंच झालं.

बिनसलं ते चिठ्ठ्यांमुळे. नव्या जागा चिठ्ठ्या टाकून वाटल्या. आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या त्याच काकू आता सहाव्या मजल्यावर आहेत. गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढवत नाही आणि लिफ्टची त्यांना भीती वाटते. आजीच्या मजल्यावर नवीन लोक आलेत. भले आहेत, पण त्यांची दारं मिटलेली. वॉचमन येऊन आजीचंही दार लावून जातो. आजी परत वरवंटा लावते.

संध्याकाळी काकूंचा नातू वाटी घेऊन वर येतो. कधी साखर, कधी नुसताच निरोप. बेल वाजवायची असते हे त्याला अजून माहीतच नाही.

पुढच्या वेळी गेलीस की वरवंटा पायाने सरकवू नकोस हं. माझ्या डाव्या अंगठ्याचं नख वाकडं का आहे, हाही तुझा एक प्रश्न उरलाय.

तुझा,
बाबा