धूसर, पुसट, मोघम, संदिग्ध: कोणता शब्द कुठे?

प्रश्न: अस्पष्ट, अंधूक, पुसट, धूसर हे शब्द आम्ही सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. त्यांत खरंच फरक आहे का? (एक शिक्षिका, सांगली)

आहे, आणि तो जपावा असा आहे. नीट दिसत नाही, त्याचं कारण कुठे आहे ते आधी पाहा. उजेड कमी किंवा नजर अधू असेल तर अंधूक. 'अंधूक उजेडात सुईत दोरा ओवता येईना', 'मोतीबिंदूमुळे अंधूक दिसतं'. कारण खुणेतच असेल तर पुसट. हा शब्द 'पुसणे'वरून आलेला. म्हणजे आधी ठसठशीत होतं ते झिजलं, किंवा मुळातच हलकं उमटलं. कोरडी शाई लागलेला रबरी शिक्का, वीरगळीवरचं झिजलेलं कोरीव काम, एटीएमच्या जुन्या पावतीवरची अक्षरं ही सगळी पुसट.

पाहणारा आणि वस्तू यांच्या मधे धूळ, धुकं असेल तर धूसर. संस्कृतात 'धूसर' म्हणजे धुळीच्या रंगाचा. म्हणून पलीकडचा डोंगर धूसर दिसतो, पण 'शिक्का धूसर आहे' कानाला खटकतं. काचेवर धूर बसला तर ती धुरकट, पाण्यात गाळ ढवळला गेला तर ते गढूळ.

अस्पष्ट हा सगळ्यांना पोटात घेणारा शब्द. तो आवाजालाही चालतो: फोनवर आवाज अस्पष्ट येतो, अंधूक येत नाही. मात्र 'पुसटशी कल्पनाही नव्हती' हे रूढ आहे, तिथे दुसरा शब्द घालायला जाऊ नका.

प्रश्न: अंधुक की अंधूक? (एक मुद्रितशोधक, पुणे)

अंधूक. मराठी अकारान्त (शेवटी 'अ' असलेल्या) शब्दाचा उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरा, इकार-उकार दीर्घ, या नियमाने. जसं वडील, फूल. 'पुसट'मध्ये उपान्त्य अक्षर 'स' आहे, त्यामुळे 'पु' ऱ्हस्वच राहतो.

प्रश्न: मोघम, गुळमुळीत, संदिग्ध. बातमीत कोणता शब्द कधी वापरावा? (एक वार्ताहर, नांदेड)

तपशील नसेल तर मोघम: 'योग्य ती कार्यवाही लवकरात लवकर करू'. यात कोण, काय आणि कधी, तिन्ही गायब. ठामपणा नसेल तर गुळमुळीत: बोलणाऱ्याला 'हो' म्हणायचं नाही आणि 'नाही'ही म्हणायचं नाही. एकाच वाक्यातून दोन अर्थ निघत असतील तर संदिग्ध. प्रश्नालाच बगल दिली असेल तर ती उडवाउडवी. आणि दोन्ही बाजूंना लागू पडेल असं मुद्दाम बोलायचं, ते 'नरो वा कुंजरो वा'. युधिष्ठिराने द्रोणाचार्यांना अश्वत्थाम्याबद्दल सांगितलं तसं.

'संदिग्ध'ची व्युत्पत्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. 'दिह्' या धातूचा अर्थ लेपणे, माखणे. संदिग्ध म्हणजे ज्यावर लेप बसला आहे ते. आपली 'सारवासारव'ही त्याच जातीची: शेणाने जमीन सारवली की भेग बुजते, तसं चूक झाल्यावर वरून शब्द फिरवायचे. पण सारवासारव चुकीच्या नंतर येते, आधी नाही. मंत्र्यांनी पहिल्याच उत्तरात टाळाटाळ केली तर तिला सारवासारव म्हणू नये.

आणखी एक, कळकळीने. 'संदिग्ध वस्तू आढळली', 'संदिग्ध ताब्यात' ही हिंदीची उचल आहे. मराठीत वस्तू संशयास्पद असते आणि माणूस संशयित.

प्रश्न: सोसायटीच्या सूचना मी लिहितो. लोक भलताच अर्थ काढतात. वाक्य संदिग्ध झालंय हे कसं ओळखावं? (एक सचिव, ठाणे)

मराठीत चार जागा हमखास फसवतात.

पहिली 'परवा'. हा शब्द मागेही जातो आणि पुढेही. 'परवाच्या सभेतील ठराव' म्हटल्यावर सभा झाली की व्हायची आहे ते कळत नाही. सूचनेत तारीख आणि वार, दोन्ही लिहा.

दुसरी 'सगळे… नाहीत'. 'सगळे सभासद आले नाहीत' याचा अर्थ एकही आला नाही असाही होतो, काही आले नाहीत असाही. 'एकही सभासद आला नाही' किंवा 'काही सभासद आले नाहीत' लिहा.

तिसरी 'त्याच्या'. 'अध्यक्षाने खजिनदाराला त्याच्या घरी बोलावलं': कोणाच्या घरी? 'आपल्या' लिहिलं तर ते कर्त्याकडे, म्हणजे अध्यक्षाकडे जातं, पण 'आपल्या'चा अर्थ 'आपल्या सर्वांच्या' असाही होतो. 'स्वतःच्या' सर्वांत सुरक्षित.

चौथी जागा विशेषणाची, आणि इथे चांगले लिहिणारेही घसरतात. 'जुनं पुस्तकांचं दुकान' आणि 'जुन्या पुस्तकांचं दुकान' यांत गोंधळ नाही, कारण विशेषणाचं रूपच सांगतं की जुनं काय आहे. पण विभक्ती लागली की दोन्हींचं 'जुन्या पुस्तकांच्या दुकानात' होतं आणि फरक विरून जातो. दुकान जुनं असेल तर विशेषण त्याला चिकटवा: 'पुस्तकांच्या जुन्या दुकानात'. 'सुंदर', 'लाल' अशी न बदलणारी विशेषणं तर विभक्तीशिवायही फसवतात: 'लाल फुलांची परडी' यात लाल फुलं की परडी?

सूचना लावण्याआधी घरातल्या कोणाला तरी ती वाचायला द्या आणि काय कळलं ते विचारा. तुमचा हेतू आधी सांगू नका.

प्रश्न: 'फोटोत आधार क्रमांक ब्लर करून पाठवा' याला नेमकं मराठी काय? (एक ग्रंथपाल, पणजी)

चेहरा किंवा पार्श्वभूमी असेल तर 'धूसर करा' उत्तम. क्रमांकासाठी मात्र 'झाका' लिहा, कारण धूसर केलेले आकडे पुष्कळदा परत ओळखता येतात. अंक दहाच, एकेक अंक तसाच धूसर करून ताडून पाहता येतो. फोनमधल्या अर्धपारदर्शक मार्करने रेघ ओढली असेल, तर फोटो उजळ केला की खालचे आकडे वर येतात.

सूचना अशी द्या: 'आधारच्या 12 आकड्यांपैकी पहिले 8 गडद काळ्या चौकटीने पूर्ण झाका, शेवटचे 4 दिसू द्या.' मास्क्ड आधारमध्ये हेच केलेलं असतं, तो मिळाला तर उत्तमच. पीडीएफवर चौकट नुसती वर ठेवली तर खालचा मजकूर निवडून कॉपी करता येतो. म्हणून झाकलेल्या पानाचा स्क्रीनशॉट काढून तोच पाठवायला सांगा.