पुस्तक उघडलं की भलतंच डोक्यात येतं, त्याबद्दल

तू लिहिलं आहेस की बारावी सायन्सला आहेस, राधानगरी रोडवरच्या गावातून रोज एसटीनं कोल्हापूरला येतेस, लेखी परीक्षा महिन्यावर आली आणि डोक्यात अभ्यास सोडून सगळं चालतं. मैत्रिणी कुठं जाणार, इंजिनिअरिंगसाठी पुण्याला पाठवतील का, घरी सगळे "बारावी झाली की बघू" म्हणतात ते कशाबद्दल, सेंड-ऑफला जाऊ का नको. आणि शेवटी विचारलं आहेस, हे माझंच होतंय का सगळ्यांचं?

सगळ्यांचं. समजूत घालायला म्हणत नाही. शहरातल्या एका ज्युनिअर कॉलेजात मी प्रयोगशाळा सहायक होते, आता निवृत्त आहे. सरांना पोरं अभ्यासाचं विचारतात, आमच्यासमोर मात्र आपापसात बिनधास्त बोलतात, कारण त्यांच्या लेखी आम्ही तिथं नसतोच. बेसिनपाशी टेस्टट्यूब धुताना जानेवारीत जी बडबड चालायची ती दरवर्षी थोड्याफार फरकानं तीच. वर्गात पहिली येणारी पोरगी "मी नापासच होणार" म्हणायची, आणि ज्याचं खरंच काही झालेलं नाही तो गडी उद्या शाहू स्टेडियमवर कोणाची फुटबॉल मॅच आहे त्याचा हिशेब मांडत असायचा. आतून दोघंही तितकेच घाबरलेले.

एवढं ऐकून माझं एक मत झालंय. या दिवसांत डोक्यात जे घोळतं त्यातलं बरंचसं म्हणजे राहिलेली कामं असतात. ती करून टाकली की पाठ सोडतात. उरलेलं असतं ते ज्यांची तारीख आलेली नाही असे प्रश्न. त्यांचं उत्तर रात्री दोन वाजेपर्यंत जागून मिळत नाही, कारण त्याला लागणारे मार्क अजून पडलेलेच नाहीत. तुझ्या चार प्रश्नांत दोन्ही प्रकार एकमेकांत गुंतलेत.

पुण्याचंच घे. पुणं का सांगली हे निकाल, सीईटी म्हणजे प्रवेश परीक्षा, आणि कॅप राउंड म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या झाल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. पण त्या विचाराच्या पोटात फीची काळजी आहे, आणि फीच्या पोटात दाखल्यांचं काम. ते आजचं आहे. 2024-25 पासून आपल्या राज्यात ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना इंजिनिअरिंग, फार्मसी अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत पाहिजे आणि प्रवेश कॅपमधून झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर नाही. राहण्या-जेवणाचा खर्च त्यात धरलेला नाही, तो घरचा. तू प्रवर्ग लिहिलेला नाहीस, पण यात बसत असशील तर तुझ्या घरी हे कुणाला माहीत आहे का ते आधी विचार. बऱ्याच घरांत "पोरीला इंजिनिअर करायचं म्हणजे दोन वर्षांचं ऊसबिल गेलं" असा हिशेब आधीच होऊन बसलेला असतो.

दाखले म्हणजे उत्पन्नाचा, डोमिसाईल, जातीचा, लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर, आणि जात पडताळणी. यात पडताळणीला सगळ्यांत जास्त वेळ लागतो. कॉलेजचं पत्र घेऊन ऑनलाइन अर्ज करायचा आणि कागद विचारे माळावरच्या सामाजिक न्याय भवनात. जूनमध्ये तिथं सगळा जिल्हा उभा असतो, घामाघूम झालेले बाप आणि हातात प्लॅस्टिकच्या फायली. आत्ता गेलं तर माणसासारखं काम होतं. आणखी एक, दहावीच्या सर्टिफिकेटवरचं नाव आणि आधारवरचं नाव शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघ. आडनावात एक वेलांटी इकडची तिकडं असली तरी पुढं हेलपाटे पडतात. हे काम तू करू नकोस, वडिलांना दे. ते तहसीलला कशासाठी ना कशासाठी जातातच. यादी करून हातात दिलीस की तुझ्या डोक्यातून तेवढं उतरलं.

आता "काहीच येत नाही" हा विचार. त्याला मी आकड्यानं उत्तर देते. फिजिक्सचा लेखी पेपर 70 चा. पहिला विभाग 18 मार्कांचा, 10 बहुपर्यायी आणि एकेका मार्काचे 8, तो सगळा सोडवायचा. पुढं दोन मार्कांचे 12 पैकी 8, तीन मार्कांचे 12 पैकी 8, चार मार्कांचे 5 पैकी 3. सगळं मिळवून बघ, छापलेला पेपर 98 मार्कांचा होतो. म्हणजे 28 मार्कांचं न येणारं सोडून द्यायला बोर्डानंच मुभा दिली आहे. एक रोटेशनल डायनॅमिक्स जमत नाही म्हणून अख्खं वर्ष वाया गेल्यासारखं तोंड करून बसणाऱ्या पोरी मी बघितल्यात. त्या धड्यातलं बहुपर्यायीपुरतं कर आणि बाकीचं ऑप्शनला टाक, काही आभाळ कोसळत नाही.

आणि इंजिनिअरिंगच म्हणत असशील तर बारावीचे मार्क पात्रतेपुरते लागतात, पीसीएमला (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित मिळून) खुल्या वर्गात 45 टक्के, राखीवला 40. प्रवेश ठरतो सीईटीच्या पर्सेंटाइलवर. ती 200 मार्कांची. फिजिक्स, केमिस्ट्रीचे 50-50 प्रश्न एकेका मार्काचे, गणिताचे 50 प्रश्न दोन-दोन मार्कांचे, आणि चुकलं तर मार्क कापत नाहीत. तेव्हा एकही प्रश्न कोरा ठेवून उठायचं नाही. यावर काही शहाणे बोर्ड सोडून नुसती सीईटीच करत बसतात. मला ते पटत नाही. लिहून सोडवायची सवय ज्यांनी सोडली, त्यांना पुढं इंजिनिअरिंगच्या पहिल्या सेमिस्टरला गणित जड गेलेलं मी ऐकत आले आहे. सीईटीचा फॉर्म भरला आहेस ना? नसशील तर हे उत्तर बाजूला ठेव आणि आधी तो भर.

प्रॅक्टिकलबद्दल मी जरा जास्त बोलणार, माझं आयुष्य त्यात गेलं. 30 मार्क, लेखीच्या आधी, आणि डोकं भरकटण्यावर याच्याइतकं चांगलं औषध मी बघितलेलं नाही. सकाळी रडवेलं तोंड करून आलेल्या पोरीच्या हातात ब्युरेट, म्हणजे टायट्रेशनची मापखुणांची काचनळी, आली की ती गप्प होते. पोटॅशियम परमँगनेट गडद जांभळं, त्याची खालची कडा दिसतच नाही, म्हणून रीडिंग वरच्या कडेचं घ्यायचं. समोर ऑक्झॅलिक ॲसिड असेल तर फ्लास्क आधी गरम करायचा, साधारण 60 ते 70 अंशांपर्यंत. थंड राहिला तर पहिल्या थेंबाचा रंग जाता जात नाही आणि पोरींना वाटतं, आलाच एंड पॉइंट, म्हणजे थांबायची खूण. मोहर सॉल्ट असेल तर गरम करायचं नाही. शेवटी एकेक थेंब, फ्लास्क फिरवत, आणि फिकट गुलाबी रंग हलवूनही टिकला की थांबायचं. गडद झाला की थेंब जास्त पडला, परत घ्यायचं. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, हटकून विचारतात, यात वेगळा इंडिकेटर का नाही? परमँगनेट स्वतःच इंडिकेटर, म्हणून. सल्फ्युरिकच्या जागी हायड्रोक्लोरिक का नाही? परमँगनेट त्याचंच क्लोरीन करून टाकतं, रीडिंग चुकतं. हे दोन पाठ केलेस तरी तोंडीला धीर येतो.

हे सगळं का सांगितलं, तर तू लिहिलंयस की "वाचायला बसले की" विचार येतात. मग वाचायला बसू नकोस. जर्नलमधली राहिलेली आकृती काढ, मीटर ब्रिजचं सर्किट न बघता काढ, जुना पेपर घड्याळ लावून लिही. हात चालू असताना डोक्याला भटकायला फुरसत कमी मिळते. वाचन एसटीत कर, तिथं नाहीतरी शेजारच्या मावशी लिहू देणार नाहीत. मोबाइलचं सगळ्यांनी तुला सांगून झालं असेल, मी सांगत नाही. झोप मात्र मोडू नकोस.

याच दिवसांत अंबाबाईचा किरणोत्सव येतो, मावळतीची किरणं मूर्तीपर्यंत पोचतात तो, 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी. प्रॅक्टिकल उरकलं की पोरींची टोळी थेट महाद्वारात. जा, कुणी अडवत नाही. फक्त हॉल तिकीट देवीच्या पायाला लावायचं असेल तर झेरॉक्स ने, मूळ घरी ठेव. किरणोत्सवाच्या गर्दीत हॉल तिकीट शोधणारी पोरगी बघणं हा काही चांगला अनुभव नाही.

एसटीवरून आठवलं. पूर्वी लेखी परीक्षा फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू व्हायची, 2024 ला 21 तारखेला. 2025 पासून ती दहा दिवस अलीकडं आली. म्हणजे पेपर भर गळीत हंगामात. पेपर सकाळी 11 चा, त्याच्या अर्धा तास आधी केंद्रावर, आणि तुमच्या रस्त्याला भोगावतीच्या बाजूला उसाच्या ट्रॉल्या. एखादी उलटली की तासभर गाडी हलत नाही. पेपरच्या दिवशी नेहमीची गाडी धरू नकोस, तिच्या आधीची धर. रंकाळा स्टँडवर बसून अर्धा तास पुस्तक चाळलंस तरी चालेल.

पुण्याबद्दल माझं वैयक्तिक मत विचारशील तर, पुष्कळ पोरं कॉलेज बघून जात नाहीत, शहर बघून जातात. सांगलीचं वालचंद 1947 चं, कराडचं शासकीय अभियांत्रिकी 1960 चं. ही काही पुण्याला नंबर लागला नाही म्हणून घ्यायची कॉलेजं नव्हेत, तिथं नंबर लागायलाच चांगलं पर्सेंटाइल लागतं. कॅपचा फॉर्म भरताना कॉलेजांचा क्रम लावायचा असतो, तेव्हा हा विषय काढ. आणि "गावाकडची आहे, शहरात निभेल का" असं मधेच लिहून खोडल्यासारखं केलंयस, त्याची चिंता करू नकोस. खेड्यातल्या पोरांनी शिकायला येऊन राहावं म्हणून शाहू महाराजांनी या गावात 1901 पासून वसतिगृहं उभी केली. भाकरीचा डबा घेऊन शिकायला येणं इथं सव्वाशे वर्षांचं झालं.

"बारावी झाली की बघू." हे वाक्य मी पोरींकडून इतकं ऐकलंय की आता त्याचा राग येतो. त्यात कधी पैसा असतो, कधी लांब पाठवायची भीती, कधी कुणी आत्यानं सुचवलेलं स्थळ. कुठलं ते तुला बाहेरून कळणार नाही, आणि जे कळत नाही तेच रात्री छातीवर बसतं. म्हणून आईला विचार. पाहुण्यांसमोर नको, वडील दमून आलेले असताना नको. दोघीच असताना सरळ विचार, "बघू म्हणजे काय गं? पैशाचं म्हणतेस का लांब जायचं?" पैशाचं असेल तर फीमाफीचं वर सांगितलंच. रोज जाऊन-येऊन करण्यासारखं कॉलेज मिळालं तर एसटीचं काय तेही सांग. गावाकडच्या मुलींचा मोफत पास बारावीपर्यंतच, पण त्यापुढं विद्यार्थी पासावर दोन तृतीयांश सवलत असते. भीती असेल तर आईला एकदा कॉलेज आणि होस्टेल दाखवायला घेऊन जा, बायका जागा बघितल्यावर निम्म्या शांत होतात. आणि स्थळाचंच असेल तर तू 18 पूर्ण केलीस का हा पहिला प्रश्न. नसशील तर ते कायद्यानं होऊच शकत नाही, आणि कुणी रेटायला लागलं तर 1098 हा चाइल्डलाइनचा, म्हणजे मुलांच्या मदतीचा, नंबर चोवीस तास चालू असतो. 18 झाली असलीस तरी "डिग्री झाल्यावर" हे उत्तर आत्ताच, शांतपणे, एकदाच देऊन ठेव. वडिलांपेक्षा मामाला आधी पटवता आलं तर बघ. आपल्याकडं मामाचं चालतं.

मैत्रिणींचं काय होणार ते मला सांगता येत नाही. काही राहतात, काही लग्नाच्या पत्रिकेपुरत्या उरतात. तुमच्यात आत्ताच कोण सीईटीच्या क्लासला गेली, कोणी नोट्स लपवल्या यावरून धुसफूस चालू असणार. ती पेपर संपेपर्यंत चालू दे, भांडण मिटवायला जाऊन दोन दिवस घालवू नकोस.

सेंड-ऑफला जा. "एक दिवस वाया जाईल" म्हणणाऱ्यांचा तो दिवस तसाही अभ्यासात जात नाही, बाकीच्यांचे फोटो बघण्यात जातो. साडी नेसणार असशील तर आईची रोजच्या वापरातली सुती घे, नवी काठापदराची एसटीत सांभाळता येत नाही. पिना जास्तीच्या घेऊन जा, दर वर्षी आमच्याकडं मागायला यायच्या. फोटो काढायला रंकाळ्यावर जायचं ठरेलच, तेव्हा संध्याकाळची गाडी किती वाजताची आहे ते सकाळी उतरल्या उतरल्या कंट्रोलरला विचारून ठेव.