जंत, जंतू आणि मधला उकार

प्रश्न असा आला आहे : ‘एका लेखात “आतड्यातले चांगले जंत” असं वाचलं. जंत चांगले कसे? जंत आणि जंतू एकच का? मग जंतनाशक आणि जंतुनाशकही एकच?’

नाही. त्या लेखकाला जिवाणू म्हणायचं असणार. पचनाला हातभार लावणाऱ्या जिवाणूंना फार तर जंतू म्हणता येईल. जंत मुळीच नाही. जंत नुसत्या डोळ्यांना दिसतो. गोल जंताची मादी ३५ सेंटीमीटरपर्यंत वाढते, दिवसाला २ लाखांपर्यंत अंडी घालते. जिवाणू मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजायचा.

गंमत म्हणजे दोन्ही शब्द एकाच घरचे. संस्कृत ‘जन्’ म्हणजे जन्मणे, त्यावरून ‘जन्तु’ म्हणजे कोणताही प्राणी. हा जुना अर्थ ‘जीवजंतू’त अजून टिकून आहे. बोलण्यात शेवटचा उ गळाला आणि ‘जंत’ पोटातल्या किड्यापुरता उरला. ‘जंतू’ पुढे सूक्ष्मदर्शकातल्या जिवांकडे गेला. गर्भिणी आणि गाभण यांची अशीच फारकत झाली. वापरही वेगळा : पोटात जंत होतात, जखमेत जंतुसंसर्ग होतो.

औषधाच्या बाबतीत मात्र हा उकार फार जपायला हवा. जंतनाशक गोळी पोटात घ्यायची असते. अल्बेंडाझोलमुळे जंताला साखर शोषता येत नाही, तो उपासमारीने मरतो. जंतुनाशक द्राव फरशीसाठी. पोटात गेला तर विषबाधा. मी मुद्रितं तपासते, तेव्हा या दोन शब्दांपाशी दर वेळी थांबते. आणि हो, सुटा ‘जंतू’ दीर्घ, समासात ‘जंतुनाशक’ ऱ्हस्व.

‘कृमी’ हा तिसरा शब्द तर फारच जुना. अथर्ववेदाच्या दुसऱ्या कांडात आतड्यातल्या कृमींना पळवण्याचे मंत्र आहेत, त्यांत ‘दृष्ट’ आणि ‘अदृष्ट’ असे दोन्ही कृमी येतात. त्याचा फारसी भाऊबंद ‘किर्म’. एका किड्यापासून लाल रंग काढत, त्यातून आपला ‘किरमिजी’ आला. अंकुशकृमी, पट्टकृमी ही शास्त्रीय नावंही याच शब्दावर उभी आहेत.

माझं मत विचाराल तर गोळीच्या वेष्टनावर ‘कृमिनाशक’च छापावं. घाईत वाचणाराही तिथे चुकणार नाही.